एलियाहू या नावाचा विग्रह

प्रिय,

अनेक आशीर्वाद. एलियाहू हानाबीवरचं, म्हणजे इस्राएलचा संदेष्टा एलियाहू याच्यावरचं, तुझं टिपण मिळालं. 'एलियाहू म्हणजे देवाची देणगी' ही पहिली ओळ आधी खोड. तो अर्थ मत्तित्याहू या नावाचा. बाळांच्या नावांच्या याद्यांत शेवटी 'याहू' दिसलं की कुठलाही अर्थ कुठेही चिकटवतात.

अक्षरं पाच: आलेफ, लामेद, योद, हे, वाव. एल म्हणजे देव, त्याला लागलेली 'ई' म्हणजे 'माझा', आणि याहू हे इस्राएलच्या देवाच्या चार अक्षरी नावाचं आखूड रूप. मधलं योद दोन्हीकडे राबतं. एलीची 'ई' आणि याहूचा 'य' त्या एकाच अक्षरात बसले आहेत. म्हणूनच घाईत तोडणारे 'एल' आणि 'याहू' असे दोनच तुकडे करतात आणि 'माझा' गळून पडतो. हिब्रूत इथे 'आहे' लागत नाही. आपल्याला याचं नवल नको, 'माझं नाव दाविद' म्हणताना आपणही ते गाळतोच. 'माझा देव याहू', वाक्य पुरं झालं.

मराठीत आणताना मात्र गोची होते. पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतरात त्या चार अक्षरांच्या जागी 'परमेश्वर' छापतात. मग 'माझा देव परमेश्वर' असं लिहिलंस, तर वाचणारा म्हणेल, बरं मग? एल सामान्यनाम आहे, याहू विशेषनाम. 'आमचं कुलदैवत खंडोबा' या वाक्यात दैवत आणि खंडोबा यांचं जे नातं, तेच इथे. एवढी एक ओळ अर्थाखाली हवीच. चार अक्षरी नाव मात्र स्वर भरून लिहू नकोस. यहुदी ते उच्चारत नाहीत, वाचताना 'आदोनाय' म्हणतात. एलियाहूमधलं 'याहू' चालतं.

धार्मिक अर्थासाठी पवित्र शास्त्रातलं १ राजे, अध्याय १८ शेजारी उघडून ठेव. राजा अहाब, इ.स.पू. ९वं शतक, कर्मेल डोंगर. समोर बआलाचे ४५० संदेष्टे, इकडे एलियाहू एकटा. बआल म्हणजे धनी. मराठीतल्या 'धनी'सारखाच हा शब्द मालकालाही लागतो आणि नवऱ्यालाही. आपला देव कोण, हाच तिथला वाद, आणि त्याचं उत्तर या माणसाच्या नावातच आहे. तो १२ दगडांची वेदी रचतो, होमबलीवर आणि लाकडांवर ४ घागरी पाणी ३ वेळा ओततो. अग्नी पडतो तेव्हा लोक पालथे पडून दोनदा म्हणतात, 'आदोनाय हू हा-एलोहीम', परमेश्वर हाच देव. संदेष्ट्याचं नावच जमावाच्या तोंडी आलं, फक्त क्रम उलटा. (तसा उलटा क्रम नावातही सापडतो: योएल. आधी यो, मग एल.) तुझ्या टिपणात एलियाहूला स्वर्गात नेणाऱ्या वावटळीला आणि अग्निरथाला दीड पान आहे, कर्मेलला दोन ओळी. प्रमाण उलट कर.

'नाव असं, म्हणून माणूस भक्तिमान' हा तुझा तर्क मात्र काढून टाक. बआलाचं मंदिर बांधणाऱ्या अहाबाच्या मुलांची नावं अहज्याहू आणि यहोराम. दोन्हींत तोच देव आहे.

वावाची गोष्ट तू गाळलीस, ती घे. २ राजे १ मध्ये चार वचनांत (३, ४, ८, १२) आणि मलाखी ३:२३ मध्ये (ख्रिस्ती छपाईत ४:५) हे नाव वावाविना, 'एलिया' असं येतं. मराठी पवित्र शास्त्रातलं 'एलीया' याच वळणाचं. लेवीय २६:४२ वर राशी (११व्या शतकातला फ्रान्समधला भाष्यकार, ज्योतिषाशी संबंध नाही) सांगतो: याकोबाचं नाव पाच ठिकाणी जादा वाव घेऊन येतं आणि एलियाहूचं पाच ठिकाणी वाव सोडून. एलियाहूने येऊन मुक्तीची वार्ता द्यावी म्हणून याकोबाने ते अक्षर तारण ठेवून घेतलं. फार सुंदर आहे, पण हे व्याकरण नव्हे. विग्रहाच्या परिच्छेदात मिसळू नकोस, वेगळं ठेव.

शेवटी मलिदा, म्हणजे आपल्या बेने इस्राएलांचा, कोकणातल्या मराठी यहुद्यांचा, एलियाहूच्या नावाने होणारा विधी. भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, फळं हे तू नीट लिहिलंस. अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या कातळावरची एलियाहूच्या रथाची खूण 'बेने इस्राएलांच्या परंपरेनुसार' असं म्हणून दे. 'एलियाहूची पूजा' हे शब्द तेवढे बदल. ताटावरचे आशीर्वाद, बराखा, देवाला उद्देशून असतात. एलियाहूचं गाणं ही त्याची आठवण. 'माझा देव याहू' असं नाव असलेल्याची पूजा कशी होईल? 'एलियाहूला नवस फेडला' हे घरात बोलताना चालतं, लेखात 'एलियाहूच्या नावाने' लिही.

दुरुस्त मजकूर पाठव. पाच वावांचे संदर्भ तेवढे हिब्रू पाठाशी ताडून घे, मराठीत ते दिसणार नाहीत.