लेकरांना ऐकू येतं

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा मोंढ्यात सौदे चालू होते, नीट बोलता आलं नाही. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत एवढं कळलं आणि हातातली वही मिटून आधी पेढे आणवले. आडतीवरचे हमाल तुला अजून विसरले नाहीत. "हिशेब लिहायला यायचं ते पोरगं बाप झालं व्हय?" म्हणाले. रात्री घरी येऊन तुझा मेसेज वाचला. बाप म्हणून काय काय करायचं असतं ते सांगा, असं लिहिलंस आणि खाली लिहिलंस, "माझ्या बापाला विचारता येत नाही." त्या ओळीपाशी मी बराच वेळ बसून राहिलो. हे फोनवर बोलण्यासारखं नाही, म्हणून लिहितोय.

आधी व्यवहाराचं उरकतो. सहा महिने आईच्या दुधाशिवाय लेकराच्या तोंडात काही घालू नका, पाणी नको आणि मधाचं बोटसुद्धा नको. म्हाताऱ्या आग्रह करतील, त्यांच्याशी भांडू नको, पण ऐकूही नको. जन्मानंतरच्या लशी दवाखान्यात झाल्या असतील. पुढच्या सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या तारखा तू स्वतः लिहून ठेव, बाळंतिणीवर टाकू नको. पोस्टात सुकन्या समृद्धीचं खातं काढ, वर्षाला २५० रुपयांपासून भरता येतं आणि पोरगी अठराची झाली की शिक्षणाला निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. कंपनीत सुट्टीचं विचार. केंद्र सरकारच्या नोकराला बाप झाल्यावर १५ दिवस मिळतात. खाजगीत तशी सक्ती नाही, तरी न विचारताच मिळत नाही असं धरून बसू नको. आणि "पहिली बेटी धनाची पेटी" असं कुणी म्हणालं आणि त्यात सांत्वनाचा सूर लागला, तर नुसती मान हलवू नको. आम्हाला लई आनंद झालाय, असं तिथल्या तिथं मोठ्यानं सांग. आतल्या खोलीत बाळंतिणीला ते ऐकू गेलं पाहिजे.

एवढं तुला कुणीही सांगेल. माझं म्हणणं एकच आहे, आणि ते मी फार उशिरा शिकलो: घरातली अडचण लेकरांपासून लपवू नको.

आपल्याकडचा बाप बोलत नाही. तुझा बोलत नाही, माझे अण्णाही बोलत नव्हते. १९९३ ची गोष्ट. मी एकोणीस वर्षांचा होतो. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत लेझीम खेळून मध्यरात्र उलटल्यावर घरी आलो. अण्णा जागे होते. "घर हाय का धर्मशाळा?" एवढंच बोलले. मी उलट बोललो आणि ओट्यावर जाऊन झोपलो. ३० सप्टेंबरच्या त्या पहाटे, चार वाजायच्या आत, जमीन हलली. आमचं घर तडकलं, पण माणसं वाचली. सास्तूरला माझ्या आत्याचं घर होतं. दगडमातीच्या हातभर रुंद भिंती, वर मातीचं जड माळवद, त्या पट्ट्यातली सगळीच घरं तशी. अण्णा मिळेल त्या वाहनानं तिकडं गेले. तिसऱ्या दिवशी परत आले तेव्हा नखं फुटलेली होती आणि भुवयांतसुद्धा पांढरी माती होती. हातपाय धुतले, भाकरी खाल्ली आणि बैलांना वैरण टाकायला गेले. आत्याचं नाव त्यांनी पुन्हा कधी घेतलं नाही. माझ्याशी बोलणंही कामापुरतं राहिलं.

मी समजून चाललो की त्या रात्रीचं माझं उलट बोलणं त्यांच्या मनातून जात नाही. एकदोन वर्षं नाही, सोळा वर्षं मी तेच धरून चाललो. २००९ ला ते गेले. दहावा झाल्यावर मायनं सांगितलं, "तुझ्यावर कशाचा राग? गौरीला आलेली तुझी आत्या आणखी आठ दिवस राहते म्हणत होती. घरी कामं पडलीत, जा, म्हणून ह्यांनीच तिला गाडीत बसवून दिलं. ते सोतालाच खात हुते." एवढी एक गोष्ट त्यांनी मला सांगितली असती तर मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो असतो.

हे कळूनही मी शहाणा झालो नाही. २०१५ चा खरीप गेला. सोयाबीन गुडघ्याएवढंही झालं नाही. पाण्यासाठी साडेपाचशे फूट बोअर घेतला, त्यातून नुसता फुफाटा निघाला. सोसायटीचे ८० हजार, आडतीवरची उचल ६० हजार आणि बोअरवाल्याचे ५० हजार उधार. दुसऱ्यांचे हिशेब लिहिणारा मुनीम मी, पण घरात आकडा काढला नाही. रात्री लेकरं झोपल्यावर चुलीपाशी तुझी काकू आणि मी हळू आवाजात बोलायचो. पोरगं दहा वर्षांचं होतं. ते शहाण्यासारखं वागायला लागलं होतं, वह्या मागत नव्हतं, जत्रेत पाळण्यात बसतो म्हणत नव्हतं. मला बरंच वाटलं. पोराला समज आली, असं मी चार लोकांत सांगितलंही.

मार्चमध्ये एक दिवस शेडात फवारणीच्या औषधाचा डबा सापडेना. आढ्याला पिशवीत टांगलेला असायचा. शेजाऱ्यानं मागितला होता म्हणून मी शोधत होतो. पोराला हाक मारून विचारलं, तर ते दारातच उभं राहिलं, आत येईना. मग रडायला लागलं. कडब्याच्या गंजीमागं खड्डा खणून त्यानं तो डबा पुरला होता. वर्गातल्या एका पोराचा बाप त्या हिवाळ्यात गेला होता, ते मला माहीत होतं. आमच्या घरात रात्री हळू आवाजात बोलणं चालतं आणि त्या घरातही तसंच चालायचं, एवढं त्यानं जोडून ठेवलं होतं. तीन आठवडे हे लेकरू रोज शाळेतून आल्यावर आधी गंजीमागं जाऊन माती उकरलेली नाही ना, ते बघत होतं.

त्या दिवशी मी मोंढ्यात गेलो नाही. त्याला घेऊन ओट्यावर बसलो आणि त्याच्याच गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर सगळं देणं लिहिलं. एकूण एक लाख नव्वद हजार. खाली माझा पगार लिहिला, घरखर्च वजा केला, महिन्याला किती उरतं ते काढलं. त्याच्यानं भागाकार करून घेतला. भागाकार मोठा आला, पण आला. त्यानं एकच विचारलं, "गाय विकायची का?" मी म्हणालो, गाय नाही, गोऱ्हा विकावा लागंल. त्यावर तो पुन्हा रडला. मी रडू दिलं. गोऱ्ह्यावर त्याचा जीव होता आणि गोऱ्हा खरोखरच जाणार होता. संध्याकाळी दोघांनी मिळून डबा उकरून काढला आणि शेजाऱ्याला देऊन टाकला.

पुढच्याच महिन्यात, १२ एप्रिलला, मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. १० टाक्या, ५ लाख लिटर. बातमी ऐकून पोरगं म्हणालं, लातूरची माणसं किती? चार लाखांच्या घरात, मी सांगितलं. त्यानं बोटानं जमिनीवर गणित मांडलं आणि म्हणालं, "सव्वा लिटर. म्हणजे माणशी एक तांब्या. आन् मग परत कधी येणार?" कित्येक महिन्यांनी त्यानं मला असं पाठोपाठ काही विचारलं होतं. देणं २०१९ ला फिटलं. सोसायटीचं २०१७ च्या कर्जमाफीत बसलं, बाकीचं आम्ही फेडलं. वहीचं ते पान तुझ्या काकूनं जपून ठेवलंय.

आता तू म्हणशील, आठ दिवसांच्या लेकराला काय सांगायचं? तिला नाही, तिच्या आईला सांग. पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता किती आणि पगारातून काय उरतं, हे तुझ्या बायकोला माहीत आहे का? नसेल, असा माझा अंदाज आहे. कंपनीत कामगार कमी करायलेत हे तू मला दिवाळीत सांगितलंस, तिला सांगितलंस का? गरोदरपणात ताण नको म्हणून गप्प राहिलास, ते मी समजू शकतो. पण ती माहेराहून परत येईल तेव्हा पहिल्या आठवड्यातच बस आणि सांग. नवराबायकोची ही सवय लागली, तर पोरगी पाच-सहा वर्षांची झाल्यावर तिला सांगणं जड जाणार नाही.

सांगताना थोडं भान ठेव. लेकराला किती आकडा आहे आणि आपण काय करणार आहोत, एवढं पुरतं. तू त्यात काही करायचं नाहीस, तू शाळेत जा आणि खेळ, हेही शब्दांत सांगावं लागतं, नाहीतर ते आपलं आपणच काहीतरी करायला बघतं. रागाच्या भरात किंवा अपरात्री सांगू नको. आणि "हे सगळं तुझ्यासाठीच करतोय" हे तोंडातून कधी येऊ देऊ नको. ते ऐकलेल्या लेकराला आपण जन्मलोच नसतो तर बरं झालं असतं असं वाटतं. मला वाटलेलं आहे.

कधी अशी वेळ आलीच की घरात कुणाशीच बोलवेना, तर मला फोन कर. रात्री दोनला कर. माझा लागला नाही तर १४४१६ ला कर, तो सरकारी नंबर मनावरच्या ताणासाठीच आहे, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलतात. हसून सोडून देऊ नको, आत्ता फोनमध्ये टाकून ठेव.

तुझ्या वडिलांचं राहिलं. विचारता येत नाही म्हणतोस, तर विचारू नको. त्यांच्या मांडीवर लेकरू दे आणि शेजारी बस. तुझा जन्म झाला त्या साली गावात पाऊसपाणी कसं होतं, एवढं विचारून बघ. पावसाचं विचारल्यावर गप्प राहील असा शेतकरी मी तरी अजून पाहिला नाही.

बारशाला आम्ही दोघं येणार. अंबाजोगाईला सकाळच्या यष्टीनं निघालो तर दहापर्यंत पोचतो. काकूनं आपल्या मायच्या जुन्या लुगड्याची वाकळ शिवायला घेतलीय. डोळे साथ देत नाहीत, तरी टाके बारीकच घालायलीय, लेकराच्या अंगाला दोरा टोचू नये म्हणून. अजून दोन बाजू राहिल्यात. तेव्हा बारशाचा वार नक्की झाला की लगेच कळव.

तुझा,
काका