सिरीयल बघून उलटतपास शिकता येतो का?

भावा, तू विचारलंयस की सेशन्स कोर्टात पहिली केस लागलीय, टीव्हीवरच्या कोर्ट ड्रामातनं काही उचलता येतं का नुसता टाईमपास. येतं, पण आधी ती भाषणं डोक्यातनं काढ. ती इंग्लिश सिरीयलमधली भाषणं ज्युरीसाठी, म्हणजे निवाडा देणाऱ्या सामान्य नागरिकांसाठी असतात, आणि ज्युरीचं आपल्याकडं काय झालं ते नेव्ही अधिकारी नानावटीच्या खून खटल्यात तू वाचलं असशीलच, १९५९ ला ८ विरुद्ध १ नं निर्दोष म्हणाले आणि हायकोर्टानं फिरवलं. आपल्यासमोर एकटे जजसाहेब आणि शेजारी स्टेनो. टेबल बडवलेलं टाईप होत नाही.

उचलायचं ते हे की सीन कुठं कापतात. माझंच सांगतो, वकिलीला तीन-चार वर्षं झाली असतील, करवीर तालुक्यातली बांधावरची मारामारी, रात्रीची. साक्षीदार म्हणतोय लांबनं सगळं बघितलं. मी एकेक करून कबूल करून घेतलं, अमावस्या होती, डांबावर लाईट नव्हती, मधी ऊस डोक्याच्या वर. इथंच खाली बसायचं. पण अंगात आलं ना, विचारलं "मग तुम्हाला दिसलं कसं?" तर म्हणतोय, "बॅटरी हुती की हातात!" पोलिस जबाबात बॅटरीचा ब पण नव्हता, ते ऑमिशन, म्हणजे जबाबात न सांगितलेली गोष्ट म्हणून मी घेतलं, पण रेकॉर्डवर उजेड पडला तो पडलाच. सिरीयलवाला तिथं चेहऱ्यावर कॅमेरा नेऊन एपिसोड संपवतो. "कसं दिसलं" हा प्रश्न युक्तिवादासाठी राखून ठेवायचा असतो.

दुसरं ते "मागील भागात". आपल्या तारखा दोन-दोन महिन्यांनी, मधी साहेबांची बदली, म्हणजे निकाल लिहिणाऱ्यानं साक्षीदाराचा पडलेला चेहरा बघितलेलाच नसतो. म्हणून मोक्याचा प्रश्न प्रश्नोत्तराच्या रूपातच टाईप करून घे, नुसतं "हे म्हणणे खरे आहे की..." मध्ये त्याची धार जाते. साक्षीदार गप्प राहिला तर तेही नोंदवायची विनंती कर, लाजू नको. अपील झालं तर १८ ऑगस्ट २०२५ पासून इथंच कोल्हापुरात हायकोर्टाच्या सर्किट बेंचला, तिथंही तुझा कागदच बोलणार.

आणि एक, सिरीयलमध्ये पहिल्या भागात उगाच दाखवलेली वस्तू दहाव्या भागात कामाला येते बघ. तसं सुरुवातीलाच सहज विचारून ठेवायचं, संध्याकाळी डेअरीला दूध स्वतःच घालता ना, पावती मिळते ना. साक्षीदाराला काय वाटत नाही, तो खुशीत हो म्हणतो. मग दोन साक्षीदारांनंतर घटनेच्याच वेळेची पावती डेअरीच्या रजिस्टरवरनं शाबित करायची, म्हणजे तो तिथं नव्हताच. बाकी ते ऐनवेळी दार उघडून येणारे साक्षीदार विसर, इथं कोण कोण येणार ती यादी दोषारोपपत्रातच असते.

जबाबाशी विरोधाभास काढायचं पुरावा कायद्यातलं कलम १४५ चं आता नव्या भारतीय साक्ष अधिनियमात १४८ झालंय, १ जुलै २०२४ पासून, सवयीनं जुना आकडा तोंडात येतो. आणि उलटतपासाचे प्रश्न लिहून झाले की शेवटचा खोडून बघ, माझ्या वहीत तो बहुतेक वेळा बॅटरीचाच निघतो.