इंडोनेशियातल्या गरिबांसाठी ऑनलाइन मदत: पैसे देण्याआधी

रमजान जवळ आला की इंडोनेशियातल्या क्राउडफंडिंग मोहिमांबद्दल तेच ते प्रश्न येतात. म्हणून उत्तरं एकत्र देत आहे.

पुण्याहून दान पाठवलं तर 80जीची आयकर सवलत मिळते का?

नाही. ती भारतात मान्यता असलेल्या संस्थांच्या दानावरच मिळते. पैसे पाठवण्याआधी बँकेला आणि सीएला विचारा.

किताबिसासारख्या इंडोनेशियन क्राउडफंडिंग मंचावर दिलेली जकात (मुस्लिमांचं अनिवार्य धार्मिक दान) ग्राह्य धरतात का?

पैसे बाझनासकडे (तिथल्या सरकारी जकात संस्थेकडे) किंवा परवाना असलेल्या जकात संस्थेकडे जात असतील तर हो. मोहिमेच्या पानावर संस्थेचं नाव नसेल तर तिथे जकात देऊ नका. बाकी शंका जाणकार आलिमांना (इस्लामी धर्मपंडितांना) विचारा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला नको.

"100 टक्के रक्कम गरजूंपर्यंत" असं लिहिलं आहे. विश्वास ठेवू का?

खर्च कोण उचलतो ते लिहिलेलं नसेल तर ठेवू नका. समजा, तुम्ही 10 लाख रुपिया (इंडोनेशियाचं चलन) दिले. मंचाने 5 टक्के घेतले, उरलेल्या साडेनऊ लाखांतून संस्थेने 10 टक्के. कुटुंबासाठी राहिले 8 लाख 55 हजार. खर्च घेण्यात गैर काही नाही, तो लपवण्यात आहे. तिथल्या 1980 च्या नियमानुसार सार्वजनिक देणगीतून खर्चासाठी जास्तीत जास्त 10 टक्के घेता येतात. जकातीत वसूल करणाऱ्या संस्थेचा वाटा एक अष्टमांशापर्यंत, म्हणजे साडेबारा टक्के असतो. हे दोन आकडे सर्रास एकमेकांत मिसळले जातात. 'अक्सी चपात तंग्गाप' ही बडी संस्था सरासरी 13.7 टक्के कापत होती. जुलै 2022 मध्ये समाजकल्याण मंत्रालयाने तिचा निधी गोळा करण्याचा परवाना रद्द केला.

तेव्हा परवाना क्रमांक मागा, गेल्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल मागा, आणि जास्तीचे पैसे जमले तर ते कुठे जाणार तेही विचारा. उत्तर टाळलं तर पैसे देऊ नका, मग फोटोतलं मूल कितीही रडत असो.

रोजगाराच्या मोहिमेत आणखी एक पाहा: वस्तूबरोबर काय देतात? किराणा टपरीला फ्रीझर मिळतो, पण घरात अनुदानाची 450 व्हीएची, म्हणजे अगदी कमी भाराची वीजजोडणी असते. फ्रीझरबरोबर इस्त्री किंवा पंप चालू झाला की एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा खटका) पडतो, आणि फ्रीझर बंद ठेवावा लागतो. शिलाई मशीन येतं, कापडाला भांडवल नसतं. वीजजोडणीचा भार वाढवण्याचा खर्च, पहिल्या काही महिन्यांचा कच्चा माल आणि नंतरच्या भेटी हे सगळं अंदाजपत्रकात हवंच.

किवा या छोटी कर्जं देण्याच्या ऑनलाइन मंचावर आम्हाला व्याज मिळत नाही. म्हणजे कर्जदारालाही लागत नाही ना?

बहुतेक वेळा लागतं. ते स्थानिक भागीदार संस्था घेते. 25 डॉलर देण्याआधी त्या संस्थेच्या पानावर कर्जदाराला येणारा खर्च वाचा.

शेतकऱ्याला मदत आणि मला 18 टक्के हमखास नफा, अशी 'शरिया' योजना आली आहे.

मुदाराबात, म्हणजे एकाचं भांडवल आणि दुसऱ्याचे श्रम अशा इस्लामी भागीदारीत, नफ्याची हमी देताच येत नाही. पीक गेलं तर भांडवलही जातं. टानीफंड हा ऑनलाइन कर्जमंच शेतकऱ्यांसाठीच होता. हप्ते थकले आणि 2024 मध्ये त्याचा परवाना गेला. ओजेके या इंडोनेशियाच्या वित्त नियामक संस्थेच्या 157 या फोन क्रमांकावर परवाना तपासा, आणि करार सल्लागाराला दाखवल्याशिवाय एक रुपियाही देऊ नका.