कुर्ता घेताना आधी खांदा बघ
अगं, तुझी अंगकाठी पेअर (कमरेखाली भरलेली) की ॲपल (पोटाशी भरलेली) हे नंतर. पहिल्यांदा खांद्याची शिवण बघ, ती हाडाच्या टोकावरच बसायला हवी. कंबर कुठलाही टेलर आत घेऊन देतो, खांदा दुरुस्त करणं फार किचकट.

- पोट झाकायला ढगळ माप घेणं ही सुरुवातीची हमखास चूक. त्यात बाई आहे त्याहून जाड दिसते.
- कमरेखाली भरलेली असशील तर ए-लाइन, म्हणजे खाली पसरत जाणारा कुर्ता घे. कुर्त्याची कड मांडीच्या सगळ्यात रुंद भागावर नको, गुडघ्याखाली जाऊ दे.
- साडी घेतलीस तर ऑर्गंझाचं कडक कापड फुगतं, जॉर्जेटचं मऊ कापड अंगासरशी पडतं.

ट्रायल रूममध्ये नुसती उभी राहू नकोस, खाली बसून बघ. साइडचा कट फाकत असेल तर हिप्सना माप कमी पडतंय. हिप्सच्या मापाने घे, कंबर आत घालून घे. गळे, प्रिंट पुढच्या खरेदीला बघू. छान जमेल तुला!