घास छातीत अडकतो आणि दुर्बिणीत सगळं नॉर्मल

प्रश्न : वय 31. चार-पाच वर्षं झाली, कोरडा घास छातीच्या मधोमध अडकतो, वर पाणी प्यायलं की उतरतो. मागच्या महिन्यात मांसाचा तुकडा असा अडकला की थुंकीपण गिळवेना, तासाभराने उलटून पडला. दोन वर्षांपूर्वी दुर्बिणीने तपासलं तर नॉर्मल म्हणाले. लहानपणी दमा होता. अ‍ॅसिडिटीच असेल ना?

उत्तर : आधी एक सांगा, घरात जेवून सगळ्यात शेवटी तुम्हीच उठता ना? बारीक तुकडे, घासागणिक पाण्याचा घोट, ब्रेड आणि मांस शक्यतो नकोच. माणसाला हे इतकं अंगवळणी पडतं की तो त्याला त्रास म्हणतच नाही, आणि डॉक्टरांनी विचारलं तर 'गिळायला तसं ठीक आहे' असं सांगून मोकळा होतो.

तुमचं वय, दमा आणि हे अडकणं बघता मला पहिला संशय येतो तो इओसिनोफिलिक इसोफेजायटिसचा. म्हणजे अ‍ॅलर्जीतल्या इओसिनोफिल नावाच्या पेशी अन्ननलिकेच्या अस्तरात साठतात, सूज राहते आणि वर्षानुवर्षं तशीच ठेवली तर नळी आखडत जाते. दुर्बिणीतून कधी कडी किंवा उभ्या चिरा दिसतात पण कधी काहीच दिसत नाही, म्हणून जुना रिपोर्ट काढून बघा, बायोप्सी, म्हणजे तपासायला अस्तराचे बारीक तुकडे, घेतली होती का? नसेल तर पोटविकारतज्ज्ञांना भेटून परत करा, किमान 6 तुकडे, अन्ननलिकेच्या वेगवेगळ्या भागांतून. मायक्रोस्कोपखाली मोठं करून बघताना एका वेळी दिसणाऱ्या भागात (फील्डमधे) 15 किंवा जास्त इओसिनोफिल असतील तर संशय खरा धरायचा, अर्थात दुसरी कारणं बाजूला काढूनच. अ‍ॅसिडिटीची गोळी चालू असेल तर ते आधीच सांगा, तिने चित्र झाकलं जातं.

उपचार आहेत आणि चांगले आहेत. अ‍ॅसिड कमी करणारी गोळी इथेही बऱ्याच जणांना चालते, पण रोज, 8 ते 12 आठवडे, मधेमधे नाही. नाहीतर गिळायचं स्टिरॉइड, ते घेतल्यावर चूळ भरून थुंकायची आणि अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. किंवा दूध, गहू असे पदार्थ ठरवून बंद करून बघतात, पण ते आहारतज्ज्ञांना विचारून, मनाने उपास नको. नळी अरुंद झालीच असेल तर ती दुर्बिणीतून रुंद करता येते. बरं वाटलं तरी परत बायोप्सी लागतेच, कारण त्रास थांबला म्हणजे सूज गेली असं नसतं.

आणि पुन्हा घास अडकून थुंकी गिळवेनाशी झाली तर वरून पाणी किंवा घास ढकलू नका, तासभर वाट बघू नका, थेट इमर्जन्सीत जा.