ग्राहक तितक्या प्रती कशाला?

प्रश्न : आमची छोटी संस्था व्यापाऱ्यांसाठी बिलिंगचे सॉफ्टवेअर तयार करते. एका ग्राहकाला बिलावर वाहन क्रमांक सक्तीचा हवा असतो, तर दुसऱ्याला बिल कायम होताच व्हॉट्सअ‍ॅप संदेश जायला हवा असतो. दर वेळी मूळ कोडमध्ये बदल केल्यामुळे आता ग्राहक तितक्या प्रती झाल्या असून नवी आवृत्ती देणे जिकिरीचे झाले आहे. काय करावे?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ग्राहकागणिक बदलणारा भाग मूळ कोडबाहेर काढावा. ‘बिल जतन होणार आहे’, ‘बिल कायम झाले’ अशा ठरावीक टप्प्यांवर मूळ प्रोग्रॅमने इव्हेंट, म्हणजे अमुक घडते आहे अशी सूचना, जाहीर करावा आणि ज्या ग्राहकाला तेथे काही वेगळे हवे असेल, त्याचा हँडलर, म्हणजे ती सूचना मिळताच चालणारे फंक्शन, स्वतंत्र मोड्यूलमध्ये (कोडच्या वेगळ्या भागात) लिहून त्या इव्हेंटला जोडावा. तो इव्हेंट कोण ऐकतो, याच्याशी मूळ कोडला कर्तव्य नसते.

मुंबईच्या फ्रापे कंपनीने विकसित केलेल्या ईआरपीनेक्स्ट या व्यवसाय-व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरचा कोड सर्वांना खुला आहे. तो अवश्य वाचावा. तेथे प्रत्येक अ‍ॅपच्या ‘हुक्स’ फाइलमध्ये ‘डॉक इव्हेंट्स’ या नावाखाली, कोणत्या दस्तऐवजाच्या कोणत्या इव्हेंटला कोणते फंक्शन चालवायचे, हे नोंदवता येते. ‘सेल्स इन्व्हॉइस’च्या (विक्री बिलाच्या) ‘व्हॅलिडेट’ला, म्हणजे जतन होण्यापूर्वीच्या तपासणीच्या इव्हेंटला, जोडलेल्या फंक्शनने वाहन क्रमांक रिकामा पाहून त्रुटी दिली, की बिल जतनच होत नाही आणि इन्व्हॉइसच्या मूळ कोडला हातही लागत नाही.

संदेशाच्या बाबतीत मात्र खरी मेख आहे. ‘ऑन सबमिट’चे, म्हणजे बिल कायम होतानाच्या इव्हेंटचे, हँडलर डेटाबेसच्या त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्रच नोंदल्या किंवा रद्द होणाऱ्या बदलांच्या संचात) चालतात; त्यामुळे एका हँडलरने संदेश पाठवला आणि त्यानंतरच्या हँडलरमध्ये त्रुटी आली, तर बिल कायम होण्याची प्रक्रिया रद्द होते, पण गेलेला संदेश परत येत नाही, आणि न झालेल्या बिलाची विचारणा करणारा फोन तुम्हालाच येतो. म्हणून संदेशाचे काम रांगेत टाकून ते ट्रान्झॅक्शन कमिट झाल्यावरच, म्हणजे बदल डेटाबेसमध्ये पक्के झाल्यावरच, सुरू होईल अशी व्यवस्था करावी. ईआरपीनेक्स्ट ज्यावर उभे आहे त्या फ्रापे फ्रेमवर्कमध्ये त्यासाठी ‘एनक्यू आफ्टर कमिट’ हा पर्याय आहे. वाहन क्रमांकाच्या तपासणीला बिल अडवायचे असल्याने ती ट्रान्झॅक्शनच्या आतच हवी.

एकाच इव्हेंटला अनेक हँडलर जोडले असतील, तर ते कोणत्या क्रमाने चालतील यावर कोणीही विसंबू नये. करआकारणीचा मूळ हिशेबच वगळू देणारा इव्हेंट ग्राहकाने कितीही आग्रह धरला तरी देऊ नये, असे माझे मत आहे. तसे दोन हँडलर एकत्र आले, की चूक नेमकी कोणाची हे शोधणे दुरापास्त होते.

उठसूट प्रत्येक फंक्शनमध्ये इव्हेंट पेरण्याचेही कारण नाही. एकदा जाहीर केलेल्या इव्हेंटचे नाव किंवा त्यासोबत जाणारी माहिती बदलली, तर त्यावर अवलंबून असलेली सर्व मोड्यूल्स बंद पडू शकतात. तुमच्याकडच्या प्रती गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनामध्ये एकमेकींशी ताडून पाहा. ज्या जागी बहुतेक प्रतींमध्ये फरक दिसेल, तेथे पहिले इव्हेंट ठेवावेत आणि एकाच ग्राहकापुरता असलेला फरक तूर्त बाजूला ठेवावा.