लॉन उसवलं दापोलीत, तक्रार मात्र जळगावात करता येईल

प्रश्न : मी भुसावळला राहते, निवृत्त शिक्षिका आहे. दापोली तालुक्यात किनाऱ्याजवळ आमचं छोटं घर आहे. मार्च 2024 मध्ये पुण्याच्या ठेकेदाराकडून अंगणात 900 चौरस फूट कृत्रिम लॉन बसवून घेतलं, 1,35,000 रुपये दिले. पाच वर्षांची लेखी वॉरंटी आहे. जुलै 2025 मध्ये जोड उघडले, कडेचे खिळे गंजून तुटले, दारासमोरची पाती झडली. ठेकेदार म्हणतो, खाऱ्या हवेला वॉरंटी नाही, दुरुस्तीचे 42,000 वेगळे द्या. वाद झाल्यास तो कोर्टाऐवजी पुण्यातल्या लवादाकडे (खासगी पंचाकडे) न्यायचा, असं कलम करारात आहे. मे महिन्यात आणि दिवाळीत आम्ही घर पर्यटकांना देतो. तक्रारीसाठी दापोलीला खेपा घालाव्या लागतील का? दुरुस्ती आधी करून घेऊ का?

उत्तर : ताई, दुरुस्ती जरूर करा, पण आज नको. पुरावा जागेवर आहे तोवर तुमची बाजू भक्कम आहे. सगळं उखडून नवं टाकलंत, तर दोष कशात होता हे तपासायला काहीच उरणार नाही, आणि ठेकेदार नेमकं तेच म्हणेल.

आधी तीन दोष वेगळे करा, कारण तिघांची जबाबदारी सारखी नाही. उघडलेला जोड आणि गंजलेले खिळे हा कामातला दोष. समुद्राजवळ साधे किंवा गॅल्व्हनाइज्ड खिळे टिकत नाहीत, तिथे 316 ग्रेडचं स्टेनलेस स्टील लागतं. लॉनखालचा पाया ओला असताना लावलेला गोंदही धरत नाही. मापं घ्यायला आलेल्या माणसाला समुद्र दिसत होता, त्यामुळे खारी हवा ही त्याची सबब होऊ शकत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये याला सेवेतील त्रुटी म्हणतात. पात्यांचं मात्र बारकाईने बघा. झुबका चिमटीत धरून ओढल्यावर मुळासकट निघत असेल, तर मागच्या लॅटेक्सच्या थराने पकड सोडली आहे, म्हणजे मालच सदोष. पाती मुळाशी घट्ट असून मधूनच तुटली किंवा नुसती आडवी झाली असतील, तर ती वापराची झीज. तिची भरपाई मागू नका. एक कच्ची मागणी बाकीच्या पक्क्या मागण्यांचंही वजन घालवते.

आता ठेकेदाराला स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा आणि तीच ई-मेलवरही टाका. त्यात दोष एकेक करून लिहा (पाती नुसती झिजली असतील तर ती वगळा) आणि 15 दिवसांत संयुक्त पाहणीला यायची तारीख द्या. तो आला नाही तर दोन शेजाऱ्यांसमोर पंचनामा करा. उघडा जोड, त्याखालचा पाया, मागची बाजू आणि खिळे यांचे जवळून फोटो घ्या. जोडासकट एक फूट बाय एक फुटाचे दोन तुकडे कापून, सही-शिक्क्याने बंद करून ठेवा. ग्राहक आयोगाला गरज वाटली तर ग्राहक कायद्याच्या कलम 38 नुसार नमुना प्रयोगशाळेत जातो; तपासणीची फी आधी तुम्हाला भरावी लागेल. अशा तक्रारी बहुतेक शपथपत्रांवर चालतात. म्हणून दापोलीतल्या एखाद्या जाणकार कारागिराकडून पाहणी करून त्याचं शपथपत्र आत्ताच घ्या. पुढे त्याला बोलावून आणणं फार अवघड जातं.

एवढं झाल्यावर दुरुस्तीला हात घाला. ती करून घेतल्याने तुमचा हक्क जात नाही. उलट टाळता येण्यासारखं नुकसान वाढू दिलं, तर करार कायद्याच्या कलम 73 नुसार ते तुमच्याच अंगावर येतं. पाऊस संपून पाया कोरडा झाल्यावर काम काढा. जोडाच्या दोन्ही बाजूंनी फूटभर लॉन उलटवून जुना गोंद खरवडायचा. दोन्ही कडांच्या पात्यांच्या दोन-तीन ओळी कापून टाकायच्या. खाली 30 सेंटिमीटर रुंद पट्टी घालून तिच्यावर दोन भागांचा पॉलियुरेथेन गोंद लावायचा. दोन्ही तुकड्यांतली पाती एकाच दिशेला झुकलेली हवीत आणि मधे दोन मिलिमीटरच्या आसपास फट हवी. मग एक दिवस वाळूच्या पिशव्यांचं वजन ठेवायचं. जोड, खिळे आणि मजुरी यांची बिलं वेगवेगळी घ्या. मागणीचा आकडा त्यांवरच ठरेल.

तक्रार जळगावच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगातच करा. ग्राहक कायद्याच्या कलम 34 नुसार तक्रारदार राहतो तिथेही ती दाखल करता येते. ही सोय 1986 च्या जुन्या कायद्यात नव्हती. आयोगाचं अधिकारक्षेत्र मोजलेल्या किमतीवर ठरतं आणि जिल्हा आयोगाची मर्यादा 50 लाख आहे. पाच लाखांपर्यंत फी नाही, अर्ज ऑनलाइनही करता येतो, वकील लावण्याची सक्ती नाही. लवादाच्या कलमाने दबून जाऊ नका. असं कलम असलं तरी ग्राहक आयोगाची वाट बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये एमार एमजीएफ या बांधकाम कंपनीच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

खरी काळजी आहे ती पर्यटकांची. व्यापारी हेतूने सेवा घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही, आणि ठेकेदाराचा वकील पहिला घाव तिथेच घालेल. मात्र सेवा घेण्यामागचा प्रमुख हेतू काय होता हे बघितलं जातं, आणि तो व्यापारी होता हे सिद्ध करण्याचा भार ठेकेदारावर असतो. म्हणून भाडं लपवू नका. वर्षात किती दिवस घर दिलं, किती रुपये आले आणि उरलेले दिवस ते कोण वापरतं, हे तक्रारीतच लिहा. वर्षातला बराच काळ घर भाड्यानेच जात असेल, तर आयोगाऐवजी दिवाणी दाव्याचा विचार करावा लागेल. तसं असेल तर आकडे घेऊन आधी जळगावात वकिलाला भेटा.

मुदत दोन वर्षांची आहे. ठेकेदाराने नकार दिला त्या दिवसापासून नव्हे, तर दोष दिसला तेव्हापासून ती धरा, म्हणजे जुलै 2027 च्या आत अर्ज दाखल झालेला हवा. नोटीस पाठवल्याने किंवा ‘बघतो, करून देतो’ अशा मेसेजमुळे ही मुदत वाढत नाही.

आणि दुरुस्तीनंतर पात्यांत भरायला समोरच्या किनाऱ्यावरची वाळू आणू देऊ नका. तिच्यातलं मीठ ओल धरून ठेवतं आणि खिळे पुन्हा खातं. शिवाय सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेने त्या पट्ट्यातल्या वाळूच्या उपशावर बंदी आहे. धुतलेली सिलिका वाळू विकत घ्या आणि तिचंही बिल फाइलला लावा.